जावक नोंदवही

मसेरूत जुलैमध्ये सात वाजता उजाडतं, तेही नाइलाजानं.
मी आले तेव्हा नवे मंत्री आधीच येऊन बसले होते,
दारावर पाटी अजून जुन्यांच्या नावाची
आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर ब्लँकेटांची चळत. अकरा.

आमच्याकडे निवडून आलेल्याला फुलं देत नाहीत,
खांद्यावर ब्लँकेट घालतात.
फुलं संध्याकाळी सुकतात. लोकर लक्षात ठेवते.

हे माझे सातवे मंत्री, नऊ वर्षांत.
आघाड्या इथे गवतासारख्या,
उगवायला एक पाऊस, चरायला एक मेंढी.
त्यामुळे काठ चाचपला तरी मला कळतं कुणाचं काय येणं आहे.
हे जाडजूड, कणसांच्या नक्षीचं, शिलाई कारखान्याच्या मालकांचं.
सभांना ट्रक त्यांचे होते, डिझेलचं त्यांनी विचारलं नाही.
विचारतील.
निळं रामोखेलेंचं. त्यांच्या चार जागांवर बहुमत टेकलंय
आणि त्यांचा मेहुणा बोगदे खणतो.
हिरवं चर्चच्या महिला मंडळाकडून, नुसता आशीर्वाद,
घडीत एक यादी.

न्ताते तेबेलो पूर्वी गणित शिकवायचे.
फळ्यावर लिहावं तसं त्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं:
'एक. धरणावरच्या चौदा गावांना नळ.'
दोनचा आकडा काढला आणि पेन तिथंच थांबलं.

धरण भरलेलं आहे. पाणी डोंगराखालून सीमेपलीकडे जातं,
त्याचे पैसे येतात, त्यातून पगार होतात, माझासुद्धा.
आणि काठावरची बाई, खाली एवढं पाणी दिसत असताना,
डोक्यावर बादली घेऊन वर झऱ्याकडे चढते.
ही फाइल मी याआधी सहा मंत्र्यांपुढे ठेवली आहे.
भिजत घोंगडं.

दहा वाजता त्यातली एक बाई स्वतःच आली.
मे माखाबिसो, सत्तरीची, रात्रीच्या बसनं.
भेटीची वेळ घेतलेली नाही, अर्ज नाही, अंगात नुसता स्वेटर.
म्हणाली, माझं ब्लँकेट न्यायला आले.
मी हसले. ती हसली नाही.
'प्रचाराला आले तेव्हा घाटात बर्फ पडलं,
मास्तर कुडकुडत होते, मी अंगावरचं काढून दिलं.
दिलं म्हणजे, वापरायला.
बरोबरच्या पोरांना वाटलं भेट. टाळ्या वाजवल्या त्यांनी.
आता मला थंडी वाजते.'

आत मेहुणा बसला होता, दार बंद.
मी चिठ्ठी पाठवली. परत आली, कोपऱ्यात हिरव्या शाईत:
'नोंद घ्यावी.'

अकरांत तिचं नव्हतं. अकराही घडीमोड न झालेली.
शेवटी ड्रायव्हर लेबुसाला आठवलं. गाडीच्या डिकीत,
स्टेपनीखाली, उरलेल्या पोस्टरांत गुंडाळलेलं,
विटकं तपकिरी, एका कोपऱ्याला रफू,
आणि मे महिन्यापासून ओलं. खरोखरचं ओलं.
सात मंत्र्यांत पहिल्यांदा
मी घोंगडं हातात धरून पिळलं.

जावक नोंदवहीत लिहिलं:
ब्लँकेट, नग एक, मालकिणीस परत. दमट.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
तिथे तिचा अंगठा घेतला.

तिनं ते हुंगलं. 'पेट्रोल,' म्हणाली, रागानं नाही,
आणि तसंच खांद्यावर घेतलं.
नळाचं तिनं काढलंच नाही.
मलाच राहवेना. म्हटलं, मे, तुमच्या गावाची फाइल आहे बरं का.
'असेल की,' म्हणाली.

जाताना कॉरिडॉरमधल्या बेसिनवर तिनं बाटली भरून घेतली,
एक घोट घेतला, थांबली,
बाजारात गावचं माणूस दिसावं तशी.
मग नळ बंद केला.
चार पावलं गेली, परत आली,
आणखी घट्ट केला.